मोठ्यानं, गुरुजी

देवव्रताचा विषय घरात बंद झाला, यात वेणीमाधव गुरुजींचा फायदाच होता. जेवण शांतपणे उरकायचं, झोप लागायची, वर समजूतदार नवरा असा लौकिक. कल्पना मुलीची, इराची. तिचा भाऊ देवव्रत ओझरच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. दिवस उरकून पुण्याला परतताना ती म्हणाली, "बाबा, आईसमोर दादाचा विषय म्हणजे नो-गो एरिया. कळलं ना?"

गुरुजींना शब्द भलताच आवडला. एरिया मग त्यांनीच वाढवला. ओझरचा रस्ता नो-गो. देवव्रताची खोली नो-गो. एकदा इंदिराबाई म्हणाल्या, "त्याला कारल्याची भाजी..." तर हे ताटावरून उठलेच. "इंदिरा, नो-गो एरिया!"

बापानं मुलाचं करायचं नाही, असा त्यांच्याकडे रिवाज. त्यामुळे क्रियाकर्म पुतण्यानं, गौरांगनं केलं. तिथंही नाव घेण्यातून गुरुजी सुटले. आणि गुरुजींचं रोजचं काम काय? रामकुंडावर परक्यांना पाटावर बसवून त्यांच्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायला लावायची. "मोठ्यानं घ्या! पुटपुटू नका, पोचायला पाहिजे." कुणाला रडू फुटलं, तर पाठीवर हात. "येऊ दे. कोंडू नका."

वर्षश्राद्धाच्या आदल्या सकाळी ते घाटावर तीळ-दर्भ मांडत होते. समोर कुणीतरी येऊन बसलं. वर न बघता त्यांनी विचारलं, "कुणाचं करायचंय?"

"मुलाचं."

इंदिराबाई होत्या.

"अगं, इथं काय? घरी चल."

"घरी नो-गो एरिया आहे. विचारा ना, परक्यांना विचारता तसं."

आजूबाजूचे भटजी बघायला लागले. गुरुजी हळूच म्हणाले, "नाव?"

"देवव्रत." वर्षभरात पहिल्यांदाच. मग त्यांना थांबवेना. "देवव्रत वेणीमाधव. कारल्याची भाजी आवडायची त्याला. माझ्या हातची नाही हं, तुमच्या हातची. आता तुम्ही घ्या नाव."

त्यांनी ओंजळ पुढं केली.

गुरुजींनी पळी उचलली. ओठ हलले.

"मोठ्यानं, गुरुजी. पोचायला पाहिजे."

"दे..." एवढंच आलं. पळी कलली आणि पाणी त्यांच्याच धोतरावर सांडलं.

वर्षभराची शांतता गुरुजींनी भोगली, मोल इंदिराबाईंनी मोजलं. त्यांची ओंजळ अजून पुढंच होती, कोरडी.