ओहोटीचं माप

चौथी फ्रेम आखूड पडली तेव्हा फ्रेमवाल्याच्या मुलाने करवत खाली ठेवली. आदळायचीच होती, पण ती बाबांची होती.

"हे काम एकट्याने करून दाखव, मग दुकान तुझं," बाबांनी सोमवारी सांगितलं होतं. "नाहीतर जावईबापू आहेतच." आज शनिवार. सहा वाजता दातांचे डॉक्टर चित्र न्यायला येणार होते.

चित्र तसं साधं. माळावर एक कपाट, दार अर्धं उघडं. कपाटात समुद्र, समुद्रात खुर्ची, खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट घातलेला ढग. भानगड एवढीच, की घेतलेलं माप दोन तासांनी लागू पडत नसे.

"बाबा, चित्र वाढतंय. सोमवारी वीस इंच होतं."

"तेव्हा ओहोटी होती," बाबा चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. "समुद्राचं माप भरतीला घ्यायचं असतं. जावईबापूंना सांगावं लागलं नसतं."

म्हणजे हा माणूस सहा दिवस सगळं माहीत असून गप्प बसला होता. मुलाचं टाळकं सटकलं, पण त्याने राग गिळला. भरती गाठून माप घेतलं, पाचवी फ्रेम ठोकली. चपखल बसली. साडेपाचला ओहोटी पुरी झाली आणि चित्र फ्रेममधून निसटून त्याच्या अंगठ्यावर पडलं.

तेव्हा त्याने हात टेकले. मग तेच हात उचलून चित्रातल्या कपाटाचं दार धरलं आणि धाडकन लावून टाकलं.

चित्र जागच्या जागी थांबलं. सोमवारचीच पहिली फ्रेम त्याला बरोबर बसली.

सहाला डॉक्टर आले. बराच वेळ बघत राहिले.

"ढग कुठाय?"

"आत आहे."

"अहो, पेशंटनी वाट बघताना त्याच्याकडे बघायचं होतं. नुसती कपाटं माझ्या घरी तीन आहेत. उघडा बघू."

मुलाने फटीत नख घातलं, ते तुटलं; मग पटाशी घातली. दार हललं नाही. डॉक्टर चित्र तिथेच टाकून गेले.

बाबा उठले. चारही बाजू मोजल्या, चारही कोपऱ्यांचा काटकोन गुण्या लावून पाहिला.

"फ्रेम बिनचूक आहे," ते म्हणाले आणि टेप त्याच्या हातात ठेवून घरी गेले.

दुकान त्याचं झालं. तो स्टुलावर बसून मालकासारखं इकडेतिकडे पाहू लागला. ढग आतून दार ठोठावत होता. अगदी सभ्यपणे, पण थांबायचं नाव घेत नव्हता.