तिसऱ्या पेल्यातली वाफ

मुलांनो, एक पाच मजली मनोरा डोळ्यांसमोर आणा, आतून अगदी पोकळ. भाजून दळलेल्या कॉफीचा काढा आटवून मधासारखा दाट करतात आणि मनोऱ्याच्या माथ्यावरून फवाऱ्याने उडवतात. वरूनच गरम हवेचा झोत येतो. थेंब खाली पोचेपर्यंत त्याची कोरडी भुकटी झालेली असते. पाण्यात पडताच विरघळणारी कॉफी ती हीच.

पण एवढ्या धगीत वास टिकेल कसा? म्हणून आटवण्याआधीच तो काढून घेतात, गार टाकीत जपतात आणि डबे भरताना बारीक नळीतून भुकटीला परत देतात.

अशाच एका कारखान्यात मुंगीची आई चव पाहायचं काम करायची. घरात लपवलेली साखर हुंगून काढते म्हणून नऊ वर्षांच्या त्या पोरीला सगळे मुंगीच म्हणत. कारखान्यात सगळीकडे कॉफीचा इतका घमघमाट, की भुकटीला वास आहे की नाही हे तिथल्या माणसांना कळेनासं होई. आईची सही झाल्याशिवाय माल हलत नसे. डबे भरणारे मामा म्हणत, कारखान्याला नाक एकच, तेही सरळ नाकासमोर चालणारं.

महिन्यापूर्वी आईला ताप आला आणि उतरला. काल ती शेगडीपाशीच भाजी निवडत होती. शेजारी दूध करपून काळं झालं, तरी तिने मान वर केली नाही. मुंगीला काय ते कळलं. ती कुणाला काही बोलली नाही.

आज शाळेला सुट्टी, म्हणून ती आईबरोबर आली होती. चवीच्या खोलीत आजच्या मालाच्या तीन नमुन्यांचे तीन पेले मांडलेले. आईने एकेकातली चमचाभर कॉफी सुर्रकन ओढली, तोंडात घोळवून थुंकली आणि पेन उचललं. साहेब दारातच उभे होते, गाडी भरायची खोळंबली होती.

मुंगी पेल्यांवर वाकली. पहिला ठीक, दुसराही ठीक. तिसऱ्यातून नुसती वाफ आली. कुणीतरी नळी उघडायला विसरलं होतं.

बोलावं तर आईचं बिंग फुटणार. मुंगीने तिची बाही ओढली आणि तिसऱ्या पेल्याकडे पाहत राहिली. आईला खूण कळली. तो पेला गुपचूप बाजूला सारला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण उद्या मुंगी शाळेत असणार होती.

आईने पेन खाली ठेवलं.

"साहेब, तिसऱ्याला वास नाही. हे हिने ओळखलं, मी नाही. महिना झाला, मला कशाचाच वास येत नाही."

"मग महिनाभर सह्या कशाच्या जोरावर केल्या, बाई?"

"जिभेच्या. आणि भीतीच्या."

 साहेब म्हणाले, महिन्याचे सगळे नमुने पुन्हा तपासावे लागतील, दुसरं माणूस शोधावं लागेल आणि यापुढे तिने सही करायची नाही. पुढचं वरचे लोक ठरवतील. ते भरणी थांबवायला निघून गेले.

आई स्टुलावर बसली. हात कुठे ठेवावेत हेच तिला सुचेना.

भिंतीवरच्या फळीवर महिन्याच्या नमुन्यांच्या बरण्या तारखेवार लावलेल्या होत्या. मुंगीने दुसरं स्टूल तिथवर ओढत नेलं, वर चढून सगळ्यांत जुनी बरणी काढली, झाकण फिरवलं आणि डोळे मिटून नाक आत घातलं.