कानाने भाजलेले पाव

तड्.

टेबलावरच्या जाळीवर निवत ठेवलेल्या आठ पावांपैकी कुठला तरी एक बोलला. त्याआधी स्वयंपाकघर इतकं चिडीचूप होतं, की आपण श्वास घेतोय हेसुद्धा भट्टीवाल्याच्या बायकोला गुन्ह्यासारखं वाटत होतं.

“ऐकलंत?” भट्टीवाला पुटपुटला. तो पावांवर वाकला होता, मान तिरकी, कान खाली. तापलेल्या लेकराच्या छातीला कान लावावा तसा.

समोर खुर्चीत मोठ्या सिस्टर बसल्या होत्या. जवळच्या दवाखान्यातल्या रुग्णांच्या पोटात काय जाईल आणि काय नाही, हे त्या ठरवत. हा पाव खाऊन त्या हो म्हणाल्या तर घराला लागून असलेली भट्टी पेटती राहणार होती. नाही म्हणाल्या तर सोमवारपासून भट्टीवाला बिस्किटांच्या कारखान्यात खोकी चिकटवायला जाणार होता. तसा शब्दच देऊन आला होता तो.

वर्षापूर्वी असं कुणी बोललं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. कारण भट्टीवाल्याचं नाक म्हणजे नाक होतं! रस्त्यापलीकडे न्हाव्याकडे दाढी करून घेता घेता तो साबण लावलेल्या तोंडाने ओरडायचा, “काढ गं, झाले!” आणि ती दार उघडायची तो पाव नेमके झालेले. लाकडावरची भट्टी. आज लाकूड ओलं, उद्या कोरडं. “भट्टीला घड्याळ वाचता येत नाही,” तो ऐटीत म्हणायचा, “पण नाकाला सगळं कळतं.”

गेल्या थंडीत त्याला ताप आला. आठ दिवसांनी ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. पण या पठ्ठ्याने ते कुणाला सांगितलंच नाही.

उघडकीला आलं ते गोळ्यामुळे. गोळा तेव्हा चार महिन्यांचा होता; मळलेल्या पिठासारखा गुबगुबीत, म्हणून हे नाव. एका दुपारी बापाच्या मांडीवर त्याने असा काही पराक्रम केला, की सासूबाई नाक दाबून बाहेर पळाल्या आणि मोठी टेबलाखाली शिरली. मोठीचं वय सहा, पण गोळा आल्यापासून ती मोठी. आणि बाप? बाप एका हाताने गोळ्याला थोपटत दुसऱ्या हाताने चहात पाव बुडवून खात होता.

“अहो!”

“काय?”

“तुम्हाला वास येत नाहीये?”

त्याने पाव खाली ठेवला. तिच्याकडे न बघता म्हणाला, “महिना झाला.”

ती हसत होती, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. कारण मागच्या आठवड्यात दवाखान्यातून अख्खी टोपली परत का आली, याचा उलगडा आत्ता झाला होता. बनमधलं लोणी खवट होतं. टोपलीवर मोठ्या सिस्टरांची चिठ्ठी होती: “आजारी माणसांची थट्टा करू नये.” दवाखान्याचा रतीब त्या दिवशी तुटला तो तुटलाच.

डॉक्टर म्हणाले, वास येईल तर येईल, नाही तर नाही.

“एवढं तर मीही सांगितलं असतं,” सासूबाई म्हणाल्या.

मग ती त्याचं नाक झाली. लोणी, दूध, पीठ सगळं आधी ती हुंगायची. गोळा झोपला की भट्टीपाशी उभी राहून सांगायची, “कच्चट येतोय... आता गोडसर... थांबा... काढा!” पण गोळ्याच्या दातांना भट्टीचं वेळापत्रक कोण सांगणार? तो नेमका मधेच किंचाळायचा, ती पळायची आणि मागे पाव करपायचे. पुढच्या वेळी ती घाई करायची, मग ते आत चिकट राहायचे. गिऱ्हाईक गळत गेलं. नवरा हळूहळू बोलेनासा झाला. उन्हाळाभर घरात फक्त गोळ्याचाच आवाज.

त्यातून वर येण्याची सुरुवात मोठीने केली, तीही खोडी म्हणून. निवलेले पाव उलटे करून ती त्यांना टिचक्या मारत बसली होती. “हा ढप्प बोलतो. हा टक्क बोलतो. हाही टक्क.”

“ढप्पवाला फोड बघू,” बाप एकदम म्हणाला.

आत कच्चा निघाला. टक्कवाला फोडला, तर कापूस.

तिथून बाप-लेकीची शाळा भरायला लागली. तो भट्टीच्या दाराशी कान देऊन बसायचा. पाव भाजतानाही बोलतो, असं त्याचं म्हणणं. आधी सूं सूं करत पाणी सोडतो, मग गप्प होतो, आणि त्या गप्प होण्याच्याही दोन तऱ्हा असतात.

“लहानपणी इतके कान माझ्याकडे दिले असतेस,” सासूबाई म्हणायच्या, “तर आज मोठा साहेब झाला असतास.”

पण काढायची वेळ आली की त्याचा धीर सुटायचा. “काढू?” तो बायकोला विचारायचा. ती हुंगून हो म्हणेपर्यंत पाव काढायच्या लांब दांड्याच्या फळीला हात लावायचा नाही. आणि हे असं जन्मभर चालणार नाही, हे त्याला तिच्याआधी कळलं. म्हणून तर तो कारखान्यात शब्द देऊन आला.

तेव्हा ती कुणाला न सांगता, गोळ्याला कडेवर मारून, सरळ मोठ्या सिस्टरांसमोर जाऊन उभी राहिली. “एकदाच या. बसून खा. नाही आवडलं तर पुन्हा तोंड दाखवणार नाही.”

“गुरुवारी नऊला येईन,” सिस्टर म्हणाल्या. “लोणी आधी मी हुंगणार.”

आज त्यांनी लोणी हुंगलं, मान डोलावली. पाव भट्टीत गेले. ती दाराशी नाक लावून उभी, तो कान लावून. वास नुकता गोडसर झाला होता, तेवढ्यात घरातून धप्प असा आवाज आला आणि पाठोपाठ गोळ्याचा टाहो. नुकता चालायला लागलेला बाळराजा स्टूलसकट आडवा झाला होता. ती धावली. कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ. त्यावर ओलं फडकं दाबता दाबता ती ओरडली, “अजून दोन मिनिटं तरी हात लावू नका हो!”

परत आली तर आठही पाव बाहेर.

“कुणी सांगितलं काढायला?”

“कुणीच नाही,” तो म्हणाला. त्याने हातातली फळी भिंतीला टेकवली. “गप्प झाले. मी काढले.”

ते आठ पाव आता जाळीवर होते, आणि त्यातला एक बोलला होता.

तड्. दुसरा बोलला. मग तिसरा. मग सगळेच, तड् तड् तड्तड्, कुठे तरी छोट्या छोट्या माणसांनी टाळ्या वाजवाव्यात तसे. वरचं कवच नीट भाजलं की गार हवेत असं तडकतं. अर्धकच्चा पाव मुका बसून राहतो. तिने तोंडावर हात धरला. आणखी दोन मिनिटं आत राहिले असते तर पाव करपले असते.

मोठ्या सिस्टरांनी पाव मोडला. वाफ वर आली. पावाकडे कुणीच बघत नव्हतं, सगळे त्यांच्या नाकाकडे बघत होते. त्यांनी एक घास घेतला. दुसरा घेतला. मग लोणी ओढून तिसरा.

“बाई, काही तरी बोला हो,” सासूबाईंना राहवेना.

“तोंडात घास असताना बोलू नये,” सिस्टर भरल्या तोंडाने म्हणाल्या. चौथा घास संपवून त्यांनी बोटं पुसली. “उद्यापासून साठ. आणि लोणी?”

“लोणी मी हुंगते,” ती म्हणाली. “भाजतात मात्र हे. एकटे. आज मी चुकले होते, हे बरोबर होते.”

“कानाने?”

“कानाने,” भट्टीवाला म्हणाला.

“आमच्या डॉक्टरांना पाठवते शिकायला. कानात नळ्या घालूनही त्यांना पेशंटचं ऐकू येत नाही.”

त्या गेल्या आणि दार लागायच्या आत सासूबाईंनी दुखऱ्या गुडघ्यासकट एक गिरकी घेतली. “त्या कारखान्याला कळव रे, म्हणावं माणूस घरीच कामाला लागला!” भट्टीवाला वर्षात पहिल्यांदा मोठ्याने हसला. त्याने मोठीला खांद्यावर घेतलं, बायकोच्या दोन्ही गालांवर पिठाचे पंजे उमटवले.

“दोन मिनिटं म्हणत होतीस नाही?”

“म्हणत होते.”

“सगळंच काही नाकाला कळत नसतं गं,” तो ऐटीत म्हणाला. ती त्याच्या पाठीत धपाटा घालणार होती, पण ती ऐट बघायला ती इतके महिने थांबली होती, की हात तसाच त्याच्या पाठीवर राहिला.

दुपारी तो खुर्चीतच झोपला. छातीवर गोळा, टेंगुळासकट. ती टेबल पुसत होती, मोठी पावाचे कण बोटाने टिपून खात होती. झोपेतच त्याच्या नाकपुड्या हलल्या. त्याने दीर्घ श्वास आत घेतला, पोटापर्यंत, आणि ओठाच्या कोपऱ्यात हसला.

मोठी बघत राहिली. मग आईचा हात ओढून, बाबांना जाग येऊ नये म्हणून अगदी हळू आवाजात तिने विचारलं, “आई, बाबांना स्वप्नात पावाचा वास येतो का गं?”