पालथा नैवेद्य

माझ्या फॅक्स मशीनबरोबर जे पुस्तक आलं होतं, त्याचं मी पारायण केलं आहे. हे सांगितलं की आमचे नीलकंठराव आजही हसतात. पण खरं आहे. रायपूरच्या समता कॉलनीत आमचं एस.टी.डी., फॅक्स आणि झेरॉक्सचं दुकान. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाल्यावर यांनी ते थाटलं आणि सांभाळायला माझ्याकडे दिलं. पुस्तक होतं इंग्रजी. मी सकाळी पूजा आटोपून दुकान उघडायची, उदबत्ती लावायची आणि शब्दकोश शेजारी घेऊन रोज दोन पानं वाचायची. माझा जन्म कीर्तनं ऐकण्यात गेला. बुवा पूर्वरंगात एका ओळीवर तासभर कसे रमतात, एकेक शब्द सोलून कसा हातावर ठेवतात, ते ऐकत मोठी झाले. तशीच मी एकेका बटणावर रमत असे.

"कौमुदी, शेवटी फळश्रुती काय लिहून आहे?" हे विचारायचे.

"वॉरंटी एक वर्ष," मी सांगायची.

ही गोष्ट २००१ सालच्या एप्रिलातली. छत्तीसगड राज्य होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. रायपूर राजधानी झालं म्हणजे काय, तर जुन्या इमारतींवर नव्या पाट्या लागल्या होत्या आणि सगळ्यांचे कागद मात्र भोपाळलाच होते.

त्या दिवशी दुपारी सव्वादोनला रीना आली. रीना रामटेके, गुढियारीच्या रेल्वे क्वार्टरमधली. तिचे वडील धर्मपालजी आणि आमचे हे जुने सोबती; धर्मपालजी इंजिनात आणि हे शेवटच्या डब्यात, अशी वीस वर्षं दोघांनी मिळून मालगाडी हाकली. पोट्टी उन्हानं लाल झाली होती. लुना स्टँडवर नीट लावायचंही भान तिला नव्हतं.

"जय भीम, काकू. भोपाळ लावून द्या ना. जल्दी."

"आधी पाणी पी."

"पाणी नंतर. काकू, माझं नाव कटून राहिलं."

नव्या राज्यातली ती सरकारी नर्सांची पहिली भरती होती आणि रीना निवड यादीत आली होती. अडलं होतं एका कागदावर. तिची नर्स म्हणून झालेली नोंदणी जुन्या राज्यातली, दाखला भोपाळच्या कार्यालयात तयार होऊन पडलेला. त्याची प्रत आज संध्याकाळी पाचच्या आत घडी चौकाजवळच्या पडताळणीच्या खिडकीत पोचली नाही, तर रीनाचं नाव कापून प्रतीक्षा यादीतलं पुढचं नाव घेणार होते. दोन वर्षं तिनं एका खाजगी दवाखान्यात दुसऱ्यांच्या पाळ्या ओढल्या होत्या, त्या या एका नोकरीच्या आशेवर.

"फॅक्स चालेल म्हणाले. पण वरच्या पट्टीवर भोपाळच्या ऑफिसचाच नंबर पाहिजे. बाहेरच्या दुकानातून केलेला नाही चालत."

फॅक्सच्या प्रत्येक कागदावर डोक्याशी एक बारीक ओळ छापून येते: कुठल्या नंबरावरून आला, किती वाजता आला. तीच ती पट्टी. ती भोपाळची हवी होती.

मी नंबर लावला. पलीकडचा आवाज हिंदी बोलत होता, पण 'ळ' असा काही स्वच्छ आला, की मी मराठीतच विचारलं, "भाऊ, तुम्ही कुठले?"

"बैतूलचा. गुलाबराव. बोला बाई."

माझा जीव अर्धा भांड्यात पडला. रीनाचा दाखला? हो, समोर टेबलावर होता, सही-शिक्क्यासकट. मग पाठवा ना!

"कसा पाठवू बाई? फोन एकच, त्यावरच फॅक्स. अन् त्याच्या एस.टी.डी.ला कुलूप. भोपाळच्या बाहेर लागतच नाही. कोड साहेबांजवळ."

"मग साहेबांना विचारा."

"साहेब गाडीत बसले. तुमच्याच गावाला येऊन राहिले. दोन राज्यांच्या बंटवाऱ्याची मीटिंग आहे न."

म्हणजे किल्ली रायपूरच्या वाटेवर आणि कुलूप भोपाळात. रीना स्टुलावर बसली. रडली नाही. नुसतं म्हणाली, "हो गया, काकू," आणि पर्सची चेन लावू लागली. ती चेन लावायची तिची पद्धत मला सहन झाली नाही.

"थांब," मी म्हटलं, आणि पुस्तक काढलं. एकोणचाळिसावं पान. एरवी ज्याच्याजवळ कागद असतो तोच नंबर फिरवतो. पण या पानावर उलटा मार्ग दिला होता. कागदवाल्यानं आपला कागद मशीनमध्ये लावून नुसतं स्वस्थ राहायचं. ज्याला हवा आहे त्यानं नंबर फिरवायचा, आणि पलीकडचा कागद आपल्याकडे ओढून घ्यायचा. फोन आमचा, एस.टी.डी. आमची. त्यांच्या कुलपाला कोणी हातही लावायचा नव्हता! या सोयीला पुस्तकात पोलिंग असं नाव होतं.

मी पुन्हा भोपाळ लावलं. "गुलाबरावजी, मार्ग सापडला. आपण पोलिंग करू."

"पोलिंग?" आवाज एकदम चढला. "बाई, मी मेडिकल देऊन बसलो! बीपीचं सर्टिफिकेट लावलं आहे. मागच्या पोलिंगला तीन रात्री शाळेच्या बाकावर झोपलो, पाठ अजून सरळ नाही झाली. माझं नाव दिलं कोणी तुम्हाला?"

खट्. फोन ठेवला.

आमचे हे मागच्या दारातून चहा घेऊन येत होते. त्यांच्या हातातले कप हसण्यानं वाजू लागले. "बरोबरच आहे त्याचं. सरकारी माणसाला पोलिंग म्हटलं की पेटीच दिसते. धर्मपालनं एकदा इलेक्शन ड्यूटी चुकवायले पायाले प्लास्टर बांधलं होतं. तुले मालूम आहे न, रीना?"

"काका, तीन वाजले," रीना म्हणाली.

मी डोळे मिटले. बुवांना अवघड प्रमेय सांगायचं असलं की ते शास्त्राचं नाव घेत नाहीत, घरातली गोष्ट घेतात. मी तिसऱ्यांदा भोपाळ लावलं आणि तो शब्दच टाकून दिला.

"गुलाबरावजी, तुमच्या घरी नैवेद्य दाखवतात ना?"

"दाखवतो की. रोज." आवाज जरा निवळला.

"मग हा कागद म्हणजे नैवेद्य. मशीन म्हणजे चौरंग. तुम्ही चौरंगावर ठेवायचा, पडदा ओढायचा आणि बाजूला व्हायचं. देव आपण होऊन येतो, घेऊन जातो. तुम्हाला कुठे नंबर लावायचा नाही."

"अन् देव कोण? तुम्ही?"

"देव रीना. मी नुसती टाळकरी."

रीना पहिल्यांदा हसली. मग मी पुस्तक पुढ्यात धरून एकेक बटण सांगत गेले. गुलाबरावांचं मशीन दुसऱ्या कंपनीचं, तरी बटणांची नावं जुळत होती. मशीनच्या काचेत पोलिंग हा भीतीचा शब्द उमटला तेव्हा ते दचकले. पण "तो निवडणुकीतला नव्हे" म्हटल्यावर पुढे गेले.

"आणि फोन वाजला तर उचलायचा नाही. पडद्यात डोकवायचं नाही."

"कबूल."

मी आमच्या मशीनवर तसंच बटण लावलं, नंबर फिरवला. दोनदा घंटा गेली आणि...

"हॅलो!"

"गुलाबरावजी! पडदा!"

"अरे राम! सवय हो बाई. तीस वर्षं फोन उचलूनच राहिलो."

पुन्हा मांडामांड, पुन्हा नंबर. या वेळी घंटा गेली, पलीकडून ती कर्कश शीळ आली, आमच्या मशीननं तिला उत्तर दिलं, आणि कागद सरकू लागला. तिघंही वाकून उभे राहिलो. वर पट्टी उमटली. ०७५५. भोपाळचा नंबर, आजची तारीख, तीन वाजून एकेचाळीस मिनिटं. "आला!" हे ओरडले. आणि पट्टीखाली... काहीच नाही. पांढरा. शेवटपर्यंत कोरा करकरीत कागद.

रीनाचा चेहरा त्या कागदासारखा झाला.

मला मात्र लगेच उमगलं आणि स्वतःच्याच कपाळावर मारून घ्यावंसं वाटलं. मशीनमध्ये कागद लिहिलेली बाजू खाली करून, पालथा घालायचा असतो. पण मी काय सांगितलं होतं? नैवेद्य ठेवा. नैवेद्य कधी कोणी पालथा ठेवतं का? त्या भल्या माणसानं भक्तिभावानं दाखला उताणा मांडला होता. त्याच्या जागी मी असते तर वर तुळशीपत्रही ठेवलं असतं.

"सांग त्याले, उलटव म्हणून," हे म्हणाले.

मी नंबर लावला. शीळ आली. पुन्हा लावला. शीळच. गुलाबराव आता शब्दाला जागले होते! फोन वाजत होता, मशीन तो घेत होतं आणि ते बाजूला हात जोडून उभे असणार. इतका आज्ञाधारक माणूस मी रेल्वेतसुद्धा पाहिला नव्हता.

"चार वाजायले आले," हे घड्याळाकडे पाहून म्हणाले. "अन् तो देवाची वाट पाहून राहिला."

"काकू," रीना हळूच म्हणाली, "ते फोन नाही उचलत. पण त्यांचं मशीन तर उचलून राहिलं न? मग मशीनलेच चिठ्ठी देऊ."

अगं बाई! एकोणचाळीस पानं पाठ असून मला सुचलं नाही, ते हिला एवढ्या घाबरगुंडीत सुचलं. तिनं कोरा कागद ओढला आणि स्केचपेननं बोटभर उंचीची अक्षरं काढली: 'गुलाबराव काका, कागद पालथा घाला. अक्षरं खाली. मग तसंच बटण. लगेच. — रीना.' आम्ही ती चिठ्ठी साध्या फॅक्सनं भोपाळला धाडली. मशीननं गेली म्हणून कबुली दिली. आता ती तिथल्या चौरंगावर पडली असणार आणि त्यांनी पाहिली तर पाहिली.

पाच मिनिटं द्यायची असं ठरलं. मी मनात नामजप सुरू केला. ओठ हलत होते तरी नजर काट्यावर होती. हे दुकानात येरझाऱ्या घालत होते. रीना मात्र आता मशीनसमोर सरळ उभी होती, पेशंटच्या खाटेशी नर्स उभी राहते तशी.

"आता लावा, काकू."

मी लावला. शीळ. उत्तर. कागद हलला. पट्टी आली, ०७५५. मग एक रिकामा पट्टा, लांबच लांब. आणि मग त्यातून काळं वर्तुळ वर आलं, वर्तुळात मुद्रा, मुद्रेखाली ओळी आणि तिसऱ्या ओळीत ठसठशीत नाव. रीना धर्मपाल रामटेके. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक.

काय सांगू! उत्तररंगात भक्ताची सुटका होते आणि बुवा झांजेला इशारा करतात, तेव्हा अंगावर जो काटा येतो, तोच माझ्या अंगावर भर दुपारी दुकानात आला. हे "वा रे पोट्टी!" म्हणत टेबल बडवत होते. रीनानं कागद फाडला, दोन झेरॉक्स काढल्या आणि मला म्हणाली, "चला."

"मी काहून?"

"विचारलं काही, तर सांगणार कोण?"

मी पदर खोचला आणि तिच्या लुनावर मागे बसले. उन्हानं रस्ते ओस होते. पाचला वीस कमी असताना आम्ही खिडकीशी पोचलो. व्हरांड्यात जमिनीवर सात मुली बसल्या होत्या, फायली मांडीवर, माना खाली. खिडकीतल्या साहेबांनी, ठाकूर म्हणून होते, कागद घेतला, चष्मा वर केला आणि पट्टीवर बोट फिरवलं.

"भोपाल से आया है? मैं दो दिन से फोन कर रहा हूँ, वहाँ का एस.टी.डी. बंद है. उन्होंने भेजा कैसे?"

"उन्होंने नहीं भेजा, साहब," मी म्हटलं. "हमने खींचा."

सगळं सांगितलं. एकोणचाळिसावं पान, पडदा, पालथा कागद. साहेब हसले नाहीत. त्यांनी पट्टीवरचा नंबर स्वतःच्या वहीतल्या नंबराशी आकडा आकडा करून ताडला, पेन उघडलं, रीनाच्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि शिक्का हाणला. तो आवाज मी विसरणार नाही.

"जाओ सिस्टर, हो गया."

सिस्टर! रीनानं खिडकीची कड धरली. मग मागे वळून त्या सात मुलींकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीकडे वळली.

"साहब, इनके भी वहीं अटके हैं?"

"हव. सबके." साहेबांनी मान हलवली.

"आपकी मशीन में भी ये बटन होगा."

होतं. कधी कोणी दाबलं नव्हतं. साहेबांनी मला आत, त्यांच्या मशीनपाशी बसवलं. गुलाबरावांनी या वेळी पहिल्याच घंटेला फोन उचलला. "बाई, मिळाला? चिठ्ठी वाचली अन् मीच मले हसलो." सातही दाखले त्यांच्याच कपाटात होते. एकामागून एक पालथे लावत गेले, मी ओढत गेले. पाच वाजले तेव्हा शिपाई खिडकी लावायला आला.

"बैठ जा," साहेब म्हणाले. "खिड़की कागज के बाद बंद होगी."

कागदाची लांब पट्टी टेबलावरून खाली लोळत गेली. रीनानं कात्री घेतली. एकेक दाखला कापायची, व्हरांड्याकडे तोंड करून नाव पुकारायची, आणि एकेक मुलगी धावत खिडकीशी यायची. पाच वाजून बावीस मिनिटांनी सातवा शिक्का बसला. व्हरांड्यात एकच गलका उठला. कोणी टाळ्या पिटत होतं, कोणी रडत होतं, आणि मध्यभागी रीना सगळ्यांच्या हातातल्या फायली नीट क्रमानं लावून देत होती.