जमिनीला न लागलेला पाय

आमच्या नातीला शाळेत सगळे ‘फाटक’ म्हणतात. फुटबॉलच्या संघात ती गोल राखते. अंगानं थोराड आहे, त्यामुळे ती उभी राहिली की चेंडूला आत शिरायला जागा उरत नाही. मैत्रिणींनी नाव ठेवलं होतं चिडवायला, हिनं ते मानाचं करून टाकलं. मी तिचा आजोबा. मुलगा आणि सून दोघंही नोकरीवर जातात, म्हणून तिची शाळा, तिचा खेळ आणि तिची दुखणीखुपणी माझ्या वाट्याला येतात. बसमध्ये कंडक्टर म्हणून हयात गेली, त्यामुळे ताटकळायची सवय मला आहेच.

बाराव्या वर्षी तिचा उजवा गुडघा दुखायला लागला. ती कुठे पडली नव्हती, लागलंही नव्हतं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गुडघा चाचपला, एक्स-रे काढला. गुडघा ठणठणीत निघाला. मुरगळला असेल, थोडी विश्रांती घे म्हणाले. तिनं ती घेतली, पण दुखणं काही हटेना आणि वर ती लंगडायलाही लागली. सून म्हणाली, पुन्हा दाखवून आणा. मी घेऊन गेलो.

या खेपेला डॉक्टरांनी गुडघ्याला हातच लावला नाही. तिला दारापासून खिडकीपर्यंत चालायला लावलं आणि स्वतः खुर्चीत बसून नुसतं बघत राहिले. तिचं उजवं पाऊल बाहेर फाकत होतं. मग तिला टेबलावर निजवून त्यांनी पाय हळूच पोटाकडे दुमडला, तर मांडी सरळ वर यायच्याऐवजी आपोआप बाहेरच्या अंगाला वळली. आत वळवायला गेले तशी ती कळवळली. डॉक्टर मला म्हणाले, मागच्या वेळी मी गुडघ्यापाशीच थांबलो, वरचा सांधाही बघायला हवा होता. तक्रार खुब्याची आहे. या वयात खुब्यातली कळ पुष्कळदा गुडघ्यात उतरते.

नात टेबलावरून उतरायला लागली, तर त्यांनी तिला दंडाला धरून थांबवलं.

“पाय जमिनीला लावायचा नाही.”

“पण मी आले ती चालतच ना?”

“आलीस ती आलीस. जाशील ती चाकांवर.”

मोठ्या इस्पितळातल्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही खुब्यांचे एक्स-रे काढले, समोरून आणि बाजूनं. काचेवर लावून आम्हाला समजावलं. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो, तो खुब्याच्या वाटीत बसतो. वाढत्या वयात गोळा आणि हाड यांच्यामध्ये एक मऊ थर असतो, हाडाची वाढ तिथून होते. कधी कधी हा थर ताण सोसत नाही आणि डोक्यावरून टोपी सरकावी तसा गोळा हाडावरून घसरतो. मुलं भराभर वाढत असली, वजन जास्त असलं, की हे जास्त होतं. आणखी घसरला तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, मग सांधाच कामातून जातो. म्हणून घाई. खेळल्यामुळे झालं का, असं मी विचारलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली. यात कुणाचीच चूक नाही म्हणाल्या.

लगोलग ऑपरेशन झालं. घसरलेला गोळा ओढूनताणून जागेवर आणत नाहीत, त्यात रक्तवाहिन्यांना धोका असतो. आहे तिथेच एका स्क्रूनं पक्का करतात. मग कुबड्या आल्या. कुबड्यांवर घरभर ठकठक करत फिरणाऱ्या पोरीला सून रागवायची आणि पाठ फिरली की डोळे पुसायची.

घरी सोडताना डॉक्टरीणबाई आम्हा मोठ्यांशी बोलल्या नाहीत. खुर्ची ओढून नातीसमोर बसल्या. दुसऱ्या बाजूलाही असं होऊ शकतं म्हणाल्या. जांघेत, मांडीत किंवा गुडघ्यात दुखलं, तर आहेस तिथे बसायचं. शूरपणा दाखवायचा नाही.

“बसणं हाच शूरपणा समज,” एवढं बोलून त्या उठल्या.

कुबड्या सुटल्या, शाळा सुरू झाली, आणि काही महिन्यांनी वर्गाची सहल वस्तुसंग्रहालयात गेली. परत निघताना, बस समोर उभी असताना, ही पोर फुटपाथवर बसली. डावा गुडघा दुखायला लागला होता. खेळाचे सर आधी समजुतीनं सांगू लागले, चार पावलांवर तर बस आहे. मग चिडले. मुलं हसायला लागली. एकीनं विचारलं, फाटक कोसळलं का? हे सगळं मला नंतर तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. सरांनी हात धरून उठवायला बघितलं, तेव्हा नातीनं हात सोडवून घेतला आणि शांतपणे म्हणाली,

“सर, माझा पाय जमिनीला लागणार नाही. आत व्हीलचेअर असेल, ती मागवा. आणि माझ्या आजोबांना फोन करा.”

मी पोचलो तेव्हा ती व्हीलचेअरवर बसली होती. रडून डोळे लाल झाले होते, पण मान ताठ होती. सर बाजूला हाताची घडी घालून उभे होते. त्यांच्याशी वाद घालत बसलो नाही, तडक इस्पितळ गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे बराच वेळ निरखला. डाव्या खुब्यातला गोळा नुकता कुठे हलला होता, जेमतेम दिसण्याइतका. तशीच चालत राहिली असती तर काय झालं असतं, ते सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. मग नातीकडे वळल्या.

“या खेपेचं निदान तू केलंस. मी फक्त खात्री करून घेतली.”

माझ्या नातीनं अवघड अवघड गोल अडवलेत, पण एवढी फुललेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

डाव्या बाजूलाही स्क्रू बसला. ऑपरेशननंतर सर भेटायला आले. खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले आणि म्हणाले, मला हे ठाऊक नव्हतं, नीट सांग. मग पलंगावर पडल्या पडल्या तिनं त्यांना सगळं सांगितलं. एखादं मूल बराच काळ गुडघा दुखतो म्हणत असेल, लंगडत असेल, तर त्याला पळवायचं नाही, खुबा तपासून घ्यायचा. सर मधेच शंका विचारत होते, आणि ती न कंटाळता पुन्हा समजावत होती. शेजारच्या पलंगावरच्या मुलाच्या आईनं मला हळूच विचारलं, ही डॉक्टर होणार का?

काय होणार ते तिचं ती ठरवेल म्हणालो. पण पोरगी कुणाची, ते मात्र त्या बाईनं विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं.