दाजीची गोळी

२०१९ साली शांती नगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये एका कुत्र्याच्या औषधावरून सोसायटीची मीटिंग भरली होती.

कुत्र्याचं नाव दाजी. सासुरवाडीला आल्यासारखा जिन्याखाली लोळत असायचा, म्हणून आमच्या ह्यांनी ते ठेवलं. त्याला आकडी येऊ लागली. जनावरांच्या डॉक्टरांनी माणसांना देतात तीच आकडीची गोळी सकाळ-संध्याकाळ द्यायला सांगितली. बजावलं, "चुकवू नका. मध्येच बंद केलीत तर आकडी जोरात येईल."

दाजी पोळी खायचा, गोळी बाजूला काढायचा. गुळाचंही तेच. गिळायचा फक्त उत्तनच्या सुक्या बोंबलातून. बोंबील विकणारी रुक्मिणी विचारायची, "बाय, कुत्र्याला बोंबील, नि नवऱ्याला काय न्हाय?"

आमचं घर सोडलं तर सगळी बिल्डिंग शाकाहारी. सेक्रेटरी धर्मेशभाई मीटिंगमध्ये ह्यांना म्हणाले, "काशीनाथजी, या तो दवाई व्हेज में, या कुत्ता बाहर."

ह्यांचा चेहरा उतरला. रिटायर झाल्यापासून ह्यांचं सगळं ऐकून घेणारा तो एकच होता.

"मैं खुद खिलाऊंगा," धर्मेशभाईंनी धीर दिला. "मेरे घर के ढोकले को आज तक किसी ने ना नहीं बोला."

दाजीनेही नाही म्हटलं नाही. ढोकळा खाल्ला, थेपला खाल्ला, पेढाही खाल्ला. धर्मेशभाई कॉलर ताठ करून हिंडत होते. आणि एका दुपारी दाजी त्यांच्याच पायाशी कोसळला, चारही पाय झाडू लागला. घाबरून त्यांनी चप्पल काढली आणि त्याच्या नाकाला लावायला वाकले.

"अहो भाई, राहू द्या! शुद्धीवर आला की खाईल ती," हे ओरडले. "डोकं आपटेल त्याचं, कुंड्या सरकवा!"

कुंड्या सरकवल्या, तर मागे सगळ्या गोळ्या पडलेल्या.

दाजी उठून बसला, तरी धर्मेशभाई पायरीवरच बसून होते. शेवटी हळूच म्हणाले, "भाभी... बोंबील है क्या?"

मी आणला. त्यांनी नाकाला रुमाल बांधला, चिमट्यात बोंबील धरला आणि तोंड फिरवून पुढे केला. "भगवान, माफ करना. दवाई है."

'कुत्ता बाहर'चा विषय मग कोणी काढला नाही.

हे २०२२ मध्ये गेले. त्यानंतर गोळी धर्मेशभाईच द्यायचे. माझे गुडघे वाकत नाहीत. वर्षभराने दाजीही म्हातारा होऊन गेला. रुक्मिणीने टोपली सुनेकडे सोपवली. धर्मेशभाई मुलाकडे सुरतेला राहायला गेले. तिथे त्यांनी मांजर पाळलंय. ते काय खातं, असं मी फोनवर विचारलं, तर म्हणाले, "भाभी, यहाँ नेटवर्क नहीं आता."