टेबलासमोरची खुर्ची

अकरावीत मी समाजशास्त्र घेतलं तेव्हा घरातल्या झाडून सगळ्यांनी नाकं मुरडली. काका म्हणाले, "समाज काय पुस्तकातून शिकायचा असतो होय?" आईने तोंडात मिठाची गुळणी धरली. पाठीशी उभे राहिले ते एकटे बाबा. "घेऊ द्या तिला. आणि माणसं बघायला लांब कशाला जायचं? माझ्या ऑफिसात ये. माझ्या टेबलासमोरून रोज अख्खा समाज जातो." तेव्हापासून बाबा माझे जरा जास्तच लाडके झाले.

बाबा जन्म-मृत्यूचे दाखले देतात. त्यांच्या शेजारच्या टेबलावर जे गृहस्थ बसतात, त्यांचं आमच्या घरातलं नाव खवटराव. ते लोकांवर कसे खेकसतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांना कसं हिडीसफिडीस करतात, याच्या नकला बाबा रोज जेवताना करायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो.

बारावीच्या प्रकल्पासाठी बाईंनी नियम घालून दिले होते. एकच गोष्ट निवडायची, डोळ्यांना दिसणारी. दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. कुणाचं नाव नाही, नुसतं क आणि ख. आणि मध्ये पडायचं नाही, म्हणजे नाहीच. मी खुर्ची निवडली. दोन्ही टेबलांसमोर एकेक खुर्ची असते. आलेल्या माणसाला तिच्यावर बसायला मिळतं की नाही, एवढंच टिपायचं. खोटं कशाला बोलू, मला खवटरावांना रंगेहाथ पकडायचं होतं.

सकाळी जाऊन मी समोरच्या भिंतीलगतच्या एकाच माणसापुरत्या बाकावर वही उघडून बसले. बाबांनी हळूच डोळा मिचकावला आणि कामाला लागले.

खवटराव खेकसत होते हे खरं. "उभे काय राहिलात? बसा! उभं राहून दाखला लवकर मिळतो का?" पण खेकसत का होईना, आलेल्या प्रत्येकाला बसवत होते. एका आजोबांचा थरथरता हात बघून त्यांनी पुटपुटत फॉर्मही स्वतःच भरला. आमच्या नकलेत हे कधीच नव्हतं.

बाबांचा आवाज मात्र लोण्यासारखा. पण त्यांच्या समोरच्या खुर्चीवर त्यांची डब्याची पिशवी होती. निळी. तिचा तुटलेला बंद मीच शिवून दिला होता, निळा दोरा सापडला नाही म्हणून हिरव्या दोऱ्याने. इस्त्रीचा शर्ट आला की बाबा पिशवी उचलून खाली ठेवायचे. "बसा ना, साहेब." साहेब गेले की पिशवी पुन्हा खुर्चीवर. झिजलेल्या चपला आल्या की ती जागची हलायची नाही. पहिल्यांदा मला वाटलं, विसरले असतील. पाचव्यांदा मी पान उलटून पिशवीचीही नोंद केली.

मग एक बाई आली. एक पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये, काखेत कुबडी. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हवा होता. खुर्चीकडे बघत तिने विचारलं, "बसू का जरा?" बाबा हसून म्हणाले, "झालंच हं तुमचं, दोन मिनिटं." खवटराव नेमके आत साहेबांकडे गेले होते, त्यांच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर एक म्हातारे वाट बघत बसले होते. ती उभी राहिली. मी घड्याळ बघत होते. मध्ये एकदा तिने भिंतीला हात टेकला. हे माझे बाबा? माझ्या तापात रात्र रात्र उशाशी बसणारे? काय करावं सुचेना, म्हणून नियमाप्रमाणे लिहिलं : उभी, बावीस मिनिटं.

प्रकल्पावर पालकांची सही लागते. दोन दिवस मी वही दप्तरातच ठेवली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनीच मागून घेतली आणि चहा पिता पिता तक्ता मोठ्याने वाचला. टेबल क : आले चोवीस, बसले सात. टेबल ख : आले एकोणीस, बसले एकोणीस.

बाबांनी मांडीवर थाप मारली. "अगं ऐकलंस का? क म्हणजे आपला खवटराव! चोवीसातले सात! मी म्हणत नव्हतो? लाज नाही माणसाला."

आई हसली. मी बाबांच्या तोंडाकडे बघतच राहिले. ते नाटक करत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की ख म्हणजे आपण. ऑफिसात बसला त्याहून मोठा धक्का मला आता बसला. कसं रागवायचं या माणसावर? त्याला स्वतःला पत्ताच नव्हता.

"पुढचं पान, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी पान उलटलं. 'टेबल क : खुर्चीवर निळी पिशवी. तिचा एक बंद हिरव्या दोऱ्याने शिवलेला.'

बाबा वाचता वाचता थांबले. पिशवी शेजारच्याच खुर्चीवर होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, परत वहीकडे पाहिलं, आणि खालची ओळ मनातल्या मनात वाचली. चहाचा कप त्यांनी इतका हळू खाली ठेवला की आवाजसुद्धा झाला नाही. आईने विचारलं, "काय झालं हो?"

मला वाटलं, आता चिडतील. नाहीतर रडतील. दोन्हीची मी तयारी ठेवली होती.

"बावीस मिनिटं," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तू कुठे होतीस गं तेव्हा?"

"समोरच. बाकावर."

"बसलेली?"

"हो."

"मग तू का नाही उठलीस?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरोखरच कळून घ्यायचं होतं. "बाईंनी सांगितलं होतं, मध्ये पडायचं नाही..." मी म्हणाले.

बाबांनी सही केली, पिशवी खुर्चीवरून उचलून मांडीवर घेतली आणि हिरव्या दोऱ्यावरून अंगठा फिरवत बसले. मी त्यांच्याकडून पेन मागून घेतलं. तक्त्याखाली थोडी जागा उरली होती. तिथे पट्टीने एक ओळ आखली आणि लिहिलं : बाक ग. बसलेली एक. बावीस मिनिटं.